'पोर्ट्रेट इन जॅझ' आणि पियानो-त्रयीतील साथीचा प्रश्न

पियानो, डबल-बास आणि ड्रम्स या तीन वाद्यांच्या मेळाला जॅझ-संगीतात 'पियानो ट्रायो' अशी संज्ञा आहे. या नावातच पियानोचे यजमानपद गृहीत धरलेले आहे. उरलेली दोन वाद्ये त्याच्या घरी साथीला आलेली. बिल एव्हन्स (पियानो), स्कॉट लाफॅरो (बास) आणि पॉल मोशियन (ड्रम्स) यांनी २८ डिसेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्क येथे एका दिवसात मुद्रित केलेली आणि रिव्हरसाइड कंपनीने १९६० मध्ये प्रसिद्ध केलेली 'पोर्ट्रेट इन जॅझ' ही ध्वनिमुद्रिका या यजमानपदाच्या इतिहासात निर्णायक मानली जाते. तिच्यासंबंधी जॅझविषयक लेखनात एक विधान वारंवार आढळते. ते असे की, या मुद्रिकेत तिन्ही वाद्ये प्रथमच समान अधिकाराने बोलू लागली. हे विधान निराधार नाही. परंतु ते जसेच्या तसे स्वीकारण्याजोगेही नाही. समानता याचा सांगीतिक अर्थ कोणता, ती कोणत्या तांत्रिक बदलामुळे शक्य झाली आणि मुद्रिकेतील नऊ रचनांपैकी किती रचनांत ती प्रत्यक्ष ऐकू येते, हे तपासल्याखेरीज त्या विधानाला वजन येत नाही.

प्रथम जुनी व्यवस्था ध्यानात घेणे अवश्य आहे. जॅझमधील वादन बहुधा नाटक-चित्रपटांतील एखाद्या लोकप्रिय गीताच्या चालीवर आधारलेले असते. ती चाल पुष्कळदा ३२ बारांची असते. प्रत्येक बारात चार मात्रा धरल्या तर १२८ मात्रांचे एक आवर्तन होते. प्रारंभी मूळ चाल वाजविली जाते. नंतर तिच्याखालचे स्वरसंघात त्याच क्रमाने फिरत राहतात आणि वादक त्यांवर उपज करीत आवर्तनामागून आवर्तन पुढे जातो. शेवटी मूळ चाल पुन्हा येते. तालाचे आवर्तन आणि हे आवर्तन यांत एक मोठा भेद आहे. तालाचे आवर्तन केवळ मात्रांचे असते; जॅझमधील आवर्तन मात्रांचे आणि स्वरसंघातांचे असे दुहेरी असते. यास्तव आवर्तनात आपण कोठे आहोत हे वादकाला काल आणि स्वर या दोहोंच्या आधारे कळते. पुढील विवेचनात या गोष्टीला विशेष महत्त्व आहे.

या चौकटीत १९४० नंतरच्या दशकात श्रमविभाग ठरून गेला होता. बड पॉवेल हा त्या काळचा प्रमाण पियानोवादक. त्याचा उजवा हात वेगवान स्वरावली गुंफतो. डावा हात स्वरसंघाताचा मूलस्वर आणि आणखी एखादा स्वर मधूनमधून देत राहतो. बासवादक प्रत्येक मात्रेवर एक स्वर, याप्रमाणे चालत राहतो. या पद्धतीला 'वॉकिंग' असेच नाव आहे. ड्रमवादक मोठ्या झांजेवर लय धरतो आणि पायाने वाजणाऱ्या झांजांनी दुसरी व चौथी मात्रा दाखवितो. बास आणि ड्रम्स मिळून जे काम करतात त्याला ठेका म्हणण्यास हरकत नाही. बासवादकाला एकल वादनाची संधी मिळते, पण पाळी आल्यावर. त्या वेळी पियानो मागे सरतो आणि ते संपले की बास पुन्हा चालू लागतो. येथे एकापाठोपाठ एक बोलणे आहे, संभाषण नाही. अहमद जमालसारख्या वादकाने १९५८ पर्यंत आपल्या त्रयीत मोकळ्या जागा ठेवून साथीदारांना पुढे आणले होते, हे खरे. मात्र त्याच्या बांधणीत कोणी कोठे बोलावयाचे हे बरेचसे आधी योजलेले असे.

एव्हन्सचा जन्म १६ ऑगस्ट १९२९ रोजी न्यू जर्सी संस्थानातील प्लेनफील्ड येथे झाला. लुइझियाना येथील महाविद्यालयातून १९५० मध्ये संगीताची पदवी, त्यानंतर १९५४ पर्यंत सैन्यातील नोकरी, आणि पुढे न्यूयॉर्कच्या मॅनीझ संगीत विद्यालयात अध्ययन, असा त्याचा पूर्वेतिहास आहे. रिव्हरसाइडचे निर्माते ऑरिन कीपन्यूज आणि बिल ग्राउअर यांनी त्याचे वादन प्रथम ऐकले ते दूरध्वनीवरून; गिटारवादक मंडेल लो याने एव्हन्सच्या वादनाची फीत त्यांना तारेवरूनच वाजवून दाखविली होती. त्यातून सप्टेंबर १९५६ मध्ये 'न्यू जॅझ कन्सेप्शन्स' ही त्याची पहिली मुद्रिका तयार झाली. तिच्या पहिल्या वर्षात सुमारे ८०० प्रती खपल्या, असे सांगितले जाते.

ही पहिली मुद्रिका तौलनिक अभ्यासाला फार सोयीची आहे. तीतही एव्हन्स आणि मोशियन हेच दोघे आहेत. तिसरा वादक तेवढा निराळा, टेडी कोटिक. कोटिक हा चार्ली पार्करबरोबर वाजविलेला, भरवशाचा बासवादक होता, आणि ठरलेले काम तो येथे चोख बजावतो. एव्हन्सची लयीची जाण त्यात लपत नाही. 'डिस्प्लेसमेंट' ही त्याची स्वत:ची रचना आघात मुद्दाम सरकवून बांधलेली आहे आणि तिचे नावही त्याच क्रियेवरून आले आहे. पण ही सगळी सरकवासरकव स्थिर ठेक्याच्या पृष्ठभूमीवर चालते. ठेका स्थिर असतो म्हणूनच आघात सरकल्याचे कळते. या मुद्रिकेतील डावा हात अद्याप पुष्कळ अंशी पॉवेलच्या वळणाचा आहे. पुतणीसाठी रचलेले 'वॉल्ट्झ फॉर डेबी' येथे एव्हन्सने एकट्यानेच, दीड मिनिटाच्या आत वाजविले आहे; पुढे त्रयीची म्हणून गाजलेली ही रचना पहिल्या मुद्रिकेत त्रयीला दिलेलीच नव्हती.

त्यानंतर दुसरी मुद्रिका करण्यास एव्हन्स २७ महिने तयार झाला नाही. नवे सांगण्यासारखे आपल्यापाशी काही नाही, असे त्याचे म्हणणे होते. मधल्या काळात, १९५८ मध्ये, तो माइल्स डेव्हिसच्या मेळात काही महिने होता, आणि मार्च व एप्रिल १९५९ मध्ये डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या मुद्रिकेत त्याने पियानो वाजविला. त्या मुद्रिकेच्या वेष्टनावरील टिपणही एव्हन्सचेच आहे. जपानी शाईचित्रांच्या दृष्टान्ताने सुरू होणाऱ्या या टिपणाचा पूर्वार्ध बहुधा उद्धृत केला जातो. उत्तरार्धाकडे मात्र दुर्लक्ष होते. त्यात एव्हन्सने समूहाच्या उत्स्फूर्त वादनाची अडचण मांडली आहे: अनेकांनी मिळून सुसंगत विचार करणे हा तांत्रिक प्रश्न तर आहेच, शिवाय सर्वांनी एका परिणामासाठी परस्परांकडे सहानुभूतीने वाकावे लागते, हा माणसांमाणसांतील प्रश्न आहे. 'काइंड ऑफ ब्लू' ऑगस्ट १९५९ मध्ये बाजारात आली. म्हणजे 'पोर्ट्रेट इन जॅझ'च्या मुद्रणापूर्वी चार महिने हा प्रश्न त्याच्या नावावर छापून प्रसिद्ध झालेला होता. त्याच सुमारास त्याने बोलून दाखविलेली अपेक्षा याहून स्पष्ट आहे: बासवादकाला एखाद्या कल्पनेचे उत्तर सुचले, तर त्याने चार मात्रांची पार्श्वभूमीच का देत बसावे?

अपेक्षा बाळगणे सोपे. बासवादकाने ठेका सोडला तर इमारत का कोसळू नये, याचे उत्तर एव्हन्सच्या डाव्या हातात शोधावे लागते. एखाद्या स्वरसंघाताच्या मूलस्वराला षड्ज कल्पिले, तर साध्या मांडणीत षड्ज, गांधार, पंचम आणि कोमल निषाद हे चार स्वर एकदम वाजतील. एव्हन्स यांतील षड्ज वगळतो, पंचमही पुष्कळदा वगळतो. गांधार व निषाद ठेवतो आणि त्यांच्या जोडीला रिषभ वा धैवत घेतो. गांधार-निषादांमुळे स्वरसंघाताची जात ओळखू येते. रिषभ-धैवतांमुळे त्याला रंग चढतो. आधार मात्र उच्चारला जात नाही. ही युक्ती एकट्या एव्हन्सची नव्हे. जमाल, रेड गार्लंड आदी समकालीनांच्या वादनातही ती आढळते. तिच्यातून निघणारा निष्कर्ष एव्हन्सने शेवटापर्यंत नेला, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

येथे तंबोऱ्याची उपमा सुचण्याचा संभव आहे, पण ती फसवी आहे. तंबोऱ्याचा षड्ज मैफलभर एकच असतो आणि सतत कानांवर असतो. जॅझमधील मूलस्वर बहुधा दर बाराला बदलतो. तेव्हा डाव्या हाताने तो सोडून दिला म्हणजे तो दाखविण्याची जबाबदारी सर्वस्वी बासवर येते, आणि तीमुळे बास अधिकच बांधला जावा, असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात उलट घडते. पियानो जोवर मूलस्वर देत असतो तोवर बासने दुसरा स्वर घेतला की दोघांची टक्कर होते. खालच्या सप्तकांतील अशी टक्कर कानाला चटकन खटकते. पियानोने ती जागा मोकळी केल्यावर बासने मूलस्वर घेतला काय, पंचम घेतला काय, किंवा वरच्या सप्तकात जाऊन एखादी छोटी चाल गायिली काय, संघर्ष उद्भवत नाही. मूलस्वर कोणीच वाजवीत नसला तरी गांधार-निषादांच्या चालीवरून कान तो भरून काढतो. ठेका सोडण्याची मुभा लाफॅरोला एव्हन्सच्या सौजन्यामुळे नव्हे, तर या रिकाम्या जागेमुळे मिळाली.

ती जागा वापरू शकेल असा वादक मिळणे, हा पुढचा प्रश्न. लाफॅरोचा जन्म ३ एप्रिल १९३६ चा. तो क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवीत असे. बास त्याने वयाच्या अठराव्या वर्षी हाती घेतला. म्हणजे 'पोर्ट्रेट'च्या वेळी तो तेविशीत होता आणि बासवादनाचा त्याचा अनुभव जेमतेम पाच-सहा वर्षांचा होता. फुंकवाद्याच्या सवयीचा त्याच्या वाक्यरचनेशी संबंध असावा, असे मानण्यास जागा आहे. तो स्वर मोजीत नाही, श्वास घेऊन बोलल्यासारखी वाक्ये करतो. तंत्राच्या बाजूने दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. त्याने घोडी खाली घेऊन तारा पट्टीच्या जवळ आणल्या होत्या. त्यामुळे आवाजाचा भारदस्तपणा काहीसा कमी झाला, पण बोटांना लागणारे बळही कमी झाले. दुसरे असे की, तो उजव्या हाताची दोन बोटे आलटून-पालटून वापरी. एका बोटाने तार खेचणाऱ्या वादकाला जो वेग साधत नाही तो यामुळे साधला. वरच्या सप्तकांतील जलद वाक्ये त्यामुळे शक्य झाली. पुढे डिसेंबर १९६० मध्ये ऑर्नेट कोलमनच्या 'फ्री जॅझ' या अगदी निराळ्या वळणाच्या मुद्रिकेतही तो आढळतो.

मोशियनविषयी थोडक्यात सांगता येते. १९५६ च्या आणि १९५९ च्या मुद्रिका एकापाठोपाठ ऐकल्या तर तोच माणूस निराळा वाटतो. दुसरी-चौथी मात्रा सतत दाखविण्याचे काम तो जेथे सोडून देतो, तेथे ब्रशांचा आणि झांजांचा उपयोग विरामचिन्हांसारखा होतो. पियानोवादक आणि ड्रमवादक तेच असता हा फरक पडला, यावरून बासची कामगिरी बदलल्याने इतर दोघांची कामगिरी बदलली, असे अनुमान बरेच सुरक्षित ठरते.

या सर्वांचा प्रत्यय 'ऑटम लीव्ह्ज' या रचनेत येतो. मूळ चाल जोसेफ कोस्मा याची, १९४५ मधली. तिला जाक प्रेव्हेर याचे फ्रेंच शब्द होते. ३२ बारांच्या या चालीतील स्वरसंघात चक्राकार, एकातून दुसरा सहज निघावा असे, आणि १९५९ पर्यंत प्रत्येक जॅझवादकाला तोंडपाठ झालेले होते. निवड चतुर आहे. संभाषणासाठी विषय सर्वांच्या परिचयाचा असावा लागतो.

आरंभी बसविलेले प्रास्ताविक येते, नंतर मूळ चाल. या ठिकाणी प्रघाताप्रमाणे पियानोची उपज सुरू व्हावयास हवी. पण बास पुढे येतो. हे बासचे एकल वादन म्हणावे, तर पियानो मागे सरलेला नाही. लाफॅरोने एक वाक्य टाकावे, ते पुरे होण्यापूर्वीच एव्हन्सने त्यातील एक तुकडा उचलावा, मोशियनने दोहोंच्या मधल्या फटीत एखादा आघात ठेवावा, असा प्रकार चालतो. ठेका कोणीच धरलेला नसतो. तबल्याच्या स्वतंत्र वादनात तबलजी कितीही दूर गेला तरी लेहरा आवर्तन सांभाळून असतो. येथे लेहरा धरणाराही संभाषणात उतरलेला आहे. तरी आवर्तन तुटत नाही, कारण ते तिघांच्या मनात चालू आहे आणि स्वरसंघातांच्या खुणांनी मधूनमधून वर येते. सवाल-जवाबाशीही याची तुलना पूर्ण जुळत नाही. सवाल-जवाबात उत्तर प्रश्न संपल्यावर येते, येथे ते प्रश्नावरच येऊन पडते.

हे असेच चालू राहते तर श्रोत्याची दमछाक झाली असती. काही आवर्तनांनंतर बास एकाएकी प्रत्येक मात्रेवर चालू लागतो, झांज लय धरते आणि एव्हन्सचा उजवा हात धावू लागतो. त्या क्षणी जो हर्ष होतो त्याचे कारण सांगता येण्यासारखे आहे. इतका वेळ मनात धरून ठेवलेली लय कानांना प्रत्यक्ष मिळते. जुनी व्यवस्था येथे टाकून दिलेली नाही. ती राखून ठेवून योग्य वेळी खर्च केली आहे.

या रचनेची त्या दिवशीची दोन मुद्रणे उपलब्ध आहेत, ही अभ्यासकाच्या दृष्टीने मोठीच सोय आहे. एक द्विमार्गी पद्धतीचे, दुसरे केवळ एकमार्गी. दोन्हींचा आराखडा एकच आहे: प्रास्ताविक, चाल, संभाषण, मग धाव. यावरून आराखडा आधी ठरलेला होता हे स्पष्ट होते. संभाषणाचा मजकूर मात्र भिन्न आहे. बासची वाक्ये निराळी, पियानोने उचललेले तुकडे निराळे. यावरून तो भाग आधी बसविलेला नव्हता हेही तितकेच स्पष्ट होते. 'उत्स्फूर्त' हा शब्द जॅझविषयक लेखनात फार सैलपणे वापरला जातो. त्याची मर्यादा आणि त्याचा आशय ही दोन्ही येथे शेजारी शेजारी ठेवून मोजता येतात.

उरलेल्या मुद्रिकेविषयी मात्र तेवढे म्हणता येत नाही. 'व्हॉट इज धिस थिंग कॉल्ड लव्ह' या द्रुत रचनेत आणि 'विचक्राफ्ट'मध्ये बास वेळोवेळी बंध तोडतो. 'व्हेन आय फॉल इन लव्ह' आणि 'स्प्रिंग इज हिअर' या विलंबित रचना मूलत: पियानोच्याच आहेत, बास व ब्रश त्यांना सावली देतात. 'समडे माय प्रिन्स विल कम' ही १९३७ च्या एका व्यंगचित्रपटातील तीन मात्रांची चाल. तिच्यातील लय गोड आहे, पण अधिकाराची वाटणी बव्हंशी जुनीच. नऊपैकी एका रचनेत समानता पूर्णत्वाने, दोन-तीन रचनांत अंशत:, आणि बाकी ठिकाणी केवळ शक्यतेच्या रूपाने, असा हिशेब मांडावा लागतो. यात मुद्रिकेचा उणेपणा नाही. काही आठवड्यांपूर्वी एकत्र आलेल्या तिघांचे हे एका दिवसाचे काम आहे. एक कल्पना पूर्ण बनण्याआधीची अवस्था तीत पकडली गेली, आणि पूर्ण बनलेल्या वस्तूपेक्षा ही अवस्था अभ्यासाला अधिक उपयोगी पडते.

शेवटची रचना 'ब्लू इन ग्रीन' हिचा प्रश्न निराळा आहे. ती प्रथम 'काइंड ऑफ ब्लू'मध्ये आली. तेथे कर्तृत्व एकट्या डेव्हिसच्या नावे होते. 'पोर्ट्रेट'वर डेव्हिस आणि एव्हन्स अशी दोन नावे छापली आहेत, आणि ती आपलीच रचना असल्याचे एव्हन्स पुढे सांगत असे. हा वाद बाजूला ठेवला तरी रचनेचा बांधा लक्षणीय आहे. आवर्तन दहाच बारांचे असून त्याचा शेवट आरंभाशी इतका जोडलेला आहे की सम कोठे पडली ते नवख्या श्रोत्याला कळतही नाही. शिवाय तेच स्वरसंघात कधी बरोबरीत, कधी दुप्पट वेगाने फिरविले जातात. दुगुणीच्या संस्काराने तयार झालेल्या कानाला हा व्यवहार ओळखीचा वाटेल. फरक इतकाच की येथे दुगुण स्वरावलीची नसून स्वरसंघातांच्या फिरण्याची आहे. अशा ठिकाणी तिघांपैकी एकाचे जरी अवधान सुटले तरी आवर्तन हरवेल. एव्हन्सने ऑगस्टमधील टिपणात ज्याला सहानुभूती म्हटले होते तिची ही व्यावहारिक कसोटी होय.

या त्रयीला पुढे फार काळ मिळाला नाही. २ फेब्रुवारी १९६१ रोजी 'एक्स्प्लोरेशन्स' ही दुसरी मुद्रिका झाली. रविवार, २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॅनगार्ड' या क्लबमध्ये दुपार-संध्याकाळ मिळून पाच बैठकी ध्वनिमुद्रित झाल्या. त्यानंतर अकरा दिवसांनी, ६ जुलै रोजी, लाफॅरो मोटार-अपघातात मरण पावला. त्याचे वय २५ होते. एव्हन्सने कित्येक महिने जाहीर वादन केले नाही. व्हॅनगार्डच्या फितींतून पहिली मुद्रिका निवडताना बासचे काम जेथे ठळकपणे ऐकू येते अशा रचना घेण्यात आल्या. 'पोर्ट्रेट इन जॅझ'मध्ये लाफॅरोची एकही रचना नव्हती. या मुद्रिकेचा आरंभ त्याच्या 'ग्लोरियाज स्टेप'ने आणि शेवट त्याच्याच 'जेड व्हिजन्स'ने होतो.